ढेकळांमधली फट

एकदा एक पाववाला म्हातारा व्हता. लई खोडकर. किती, तर गावच्या पाटलाची हरवलेली चप्पल त्यानं मोठ्या पावात घालून भाजली आन् सकाळी पाटलाच्याच घरी नेऊन दिली. पाटलानं चावा घेतला, दात हालला. म्हातारा म्हनतो कसा, "पाटील, तुमची वस्तू तुमच्याच घरी पोचली. वर पाव बी मिळाला. आता तोंड कशाला वाकडं करताय?"

समदं गाव त्याला नाना म्हनायचं.

गाव व्हतं डोंगराच्या माथ्यावर. गार हवेचं. मागं कवातरी कुना गोऱ्या साहेबानं तितं पीचची झाडं लावली व्हती. साहेब गेला, झाडं ऱ्हायली. आन् साहेबाच्या खानसाम्याकडनं नाना एक गोड पदार्थ शिकला व्हता, त्यो ऱ्हायला. साहेबाच्या भाषेत त्याला काय म्हनत्यात ते माज्या दातांत अडकतं, आन् आता दात बी थोडेच उरल्यात. गावात त्याला ढेकळं म्हनत. खाली पत्र्याच्या ताटात साखरेतल्या पीचच्या फोडी, वर मैद्याचे गोळे. भट्टीतनं निघालं की नांगरलेल्या रानावानी दिसायचं, म्हनून ढेकळं. आता नावाला हसताय, पन म्होरं ठिवलं तर ताट चाटून पुसून द्याल. मी वळखतो तुमास्नी.

हसायचं तेवढं हितंच हसून घ्या. फुडं लई जागा न्हाई.

नानाच्या भट्टीवर गेनू नावाचा गडी कामाला व्हता. हाताला गुन असलेला. पीचचा हंगाम आला की पयलं ताट त्यो आपल्या आईसाठी करायचा, गरम गरम फडक्यात बांधून घरी न्यायचा. आई म्हातारी, कंबरेत बसलेली, दारातल्या बाजंवर पडून असायची. दात नव्हते, पन ढेकळं मऊ. ताट मांडीवर घिऊन ती चमच्यानं खायची आन् म्हनायची, "रांडंच्या, साखर कमी घातलीस." दर साली तेच. त्यो बी हसायचा आन् दर साली तेवढीच घालायचा.

एका थंडीत गेनू भट्टीची लाकडं आनायला घाटाखाली गेला. येताना अंधार पडता पडता गाडी वळनावर उलटली. लाकडं वर, गेनू खाली.

त्याच्या धाकट्या भावानं आन् गावच्या चार मानसांनी खालच्या गावातच अग्नी दिला. वर आनलंच न्हाई. कारन डाक्टरनं आदीच सांगून ठिवलं व्हतं, म्हातारीचं काळीज कागदावानी पातळ झालंय, मोटा धक्का सोसनार न्हाई. म्हनून धाकट्यानं समद्यास्नी हात जोडलं. आईला कळू द्यायचं न्हाई. गेनू कोकनात मोट्या बेकरीत कामाला गेलाय, असं सांगायचं.

गाव चांगलं व्हतं. गाव लबाडीत सामील झालं.

आता गेनूच्या बायकूचं बगा. अनसा तिचं नाव. नवरा जळाला त्या दिशी तिनं चूल पेटवली. तुमास्नी ठावं हाय, मयताच्या घरात त्या दिशी चूल पेटवत न्हाईत. शेजारपाजारची पिठलं-भाकरी घिऊन जात्यात. त्याला कडू घास म्हनत्यात. पन ह्या घरात कडू घास कसा जानार? म्हातारीनं इचारलं असतं, हे कशाचं? म्हनून अनसानं सोता भाकरी थापल्या, सासूला वाढल्या, म्होरं बसून एक आपन बी खाल्ली. सकाळी उठून कपाळाला कुंकू लावलं. बांगड्या तशाच. गळ्यातलं तसंच.

नानानं त्या दिशी भट्टी थंड ठिवली. भट्टीवरचं मानूस गेलं की एक दिस इस्तव पेटवायचा न्हाई, ही तितली रीत. एरवी ती भट्टी कवाच विझायची न्हाई, पावसात न्हाई, सनाला बी न्हाई. त्या सकाळी गावाला पाव मिळाला न्हाई आन् कोनी मागितला बी न्हाई.

मंग रोजचं नाटक सुरू झालं. बाया पान्याला जाताना म्हातारीला ऐकू जावं म्हनून मुद्दाम मोट्यानं इचारायच्या, "अनसे, गेनूभावजी कवा येनार गं?" ही म्हनायची, "बगू, मालक सोडंल तवा." घरात म्हातारी इचारायची, "निरोप आला का?" ही म्हनायची, "आला. बरं हाय म्हनं."

"जेवतो का टायमाला?"

"जेवत्यात."

जळलेला मानूस टायमाला जेवत व्हता. रोज.

आन् अनसा रडत नव्हती. घरात न्हाई, रानात न्हाई, म्हायरी न्हाई. लोक म्हनायचे, काय धीराची बाई! वाघीन हाय! लोकांचं काय, दुसऱ्याच्या छातीवरचा धोंडा सगळ्यास्नी दागिना दिसतो.

थंडी गेली, ऊन तापलं, पीच पिकले. एका सकाळी म्हातारी बाजंवरनं म्हनली, "वास यायला लागला बग पीचचा. गेनू न्हाई औंदा. पन माजी ढेकळं?"

अनसा भाकरी थापत व्हती. हात थांबला न्हाई तिचा. म्हनली, "त्यांचा निरोप आलाय, आत्याबाई. नानाकडनं करून आन म्हनून सांगितलंय."

म्हातारीनं भिताडाकडं तोंड केलं.

अनसा उटली आन् भट्टीवर गेली. पदर खोचून नानाच्या म्होरं हुबी ऱ्हायली.

"नाना, मला ढेकळं शिकवा."

"तुला? तुजी करंजी तर गावात नाव कमवून हाय."

"करंजी न्हाई, ढेकळं. अगदी त्यांच्या हातची वाटली पाह्यजेत. आत्याबाईस्नी रतीभर बी संशय आला न्हाई पाह्यजे."

नाना तिच्याकडं बगत ऱ्हायला. भट्टीत ओली लाकडं धुमसत व्हती. धूर असा की नानाच्या डोळ्यांतनं पानी, पोत्यावर बसलेल्या मांजराच्या डोळ्यांतनं पानी. अनसाचे डोळे कोरडे ठाक.

"शिकवतो की," नाना म्हनला. "पन मी शिव्या देतो शिकवताना."

"द्या."

"गेनूला बी द्यायचो."

ती पीचची टोपली वढून खाली बसली.

पयल्यांदा नानानं पीच निवडायला लावले. लई कवळा नगो, कापसावानी पिकलेला बी नगो. उकळत्या पान्यात बुचकाळून काढले, सालं सटासट निघाली. बिया काढल्या, फोडी केल्या, साखर, जरा दालचिनी, लिंबाचा रस. ताटात पसरून ठिवलं. मंग मैदा घेतला, चिमूट मीठ, खायाचा सोडा. घट्ट लोनी बोटांच्या टोकांनी मैद्यात चुरायचं. वर आंबट ताक.

अनसानं ताक वतलं आन् दोन्ही हातांनी मळायला घेतलं, जशी आपली कनीक मळत्यात तसं.

"आगं ए!" नाना वरडला. "चपात्या करनार हायस का सासूला? सोड! मळायचं न्हाई त्याला. नुसतं एकत्र आलं की सोडायचं. लगीन जमल्यावर मदला मानूस बाजूला हुतो का न्हाई, तसं बाजूला व्हायचं."

"मदला मानूस कुटं बाजूला हुतो? त्यो तर जेवूनच जातो."

नाना खुदकन हसला. कितीतरी दिसांनी अनसाच्या तोंडातनं असं कायतरी निघालं व्हतं. तिचं तिलाच दचकायला झालं. तोंड मिटून घेतलं तिनं.

दुसऱ्यांदा पीठ भिजवलं. लोन्याचे खडे लई बारीक केले म्हनून शिवी खाल्ली, ताक जास्त घातलं म्हनून शिवी खाल्ली. नाना लई बारीक नजरेचा. एक चूक सोडली न्हाई त्यानं. हे ध्यानात ठिवा.

मंग वर पीठ घालायची येळ आली. दोन ताटं व्हती. एक नानाचं, एक अनसाचं. नानानं चमच्यानं पिठाचे गोळे उचलले आन् फोडींवर टाकले, टप टप, एक हितं एक तितं. मदनं पीच दिसतायत, रस दिसतोय. अनसानं नाक मुरडलं.

"नाना, शानाच्या गवऱ्या बऱ्या थापल्यात तुमी."

"तुज्या ताटात तुला कसं वाटतं तसं कर."

आता बगा, ही बाई करंज्यांची. जलमभर शिकलेली एकच गोष्ट, कड दाबायची. कड सुटली की सारन तेलात, तेल काळं, बाईचं नाव काळं. तिनं पीठ हातावर चापट केलं, ताटभर पसरलं, कुटं फट ठिवली न्हाई. मंग कडंला बोटानं दाबत दाबत, चिमटीनं मुरड घालत गेली. गोल मुरड, एकसारखी. सासरी आलेल्या पयल्या दिवाळीला घातली व्हती तशी. वरनं दुदाचा हात फिरवला.

"झालं?" तिनं इचारलं.

"झालं असंल तर झालं," नाना म्हनला. मिशीला लागलेलं पीठ पुसलं आन् दोन्ही ताटं भट्टीत सारली. पाव निघून गेले व्हते, इस्तव बसला व्हता, आच बेताची व्हती.

ताटं भायेर आली तवा भट्टीवरची समदी गोळा झाली. नानाचं ताट तसलंच, उकरलेल्या रानावानी, कुटं रस उकळून वर आलेला, कुटं गोळ्याची कड काळी पडलेली. अनसाचं ताट मातूर सोन्याचं. वर एक चीर न्हाई. मुरड अशी की सोनारानं घडवावी.

"हे नेते मी," अनसा म्हनली. तोंडावर जरा लाली आली व्हती.

"ने. तुजं तू ने," नाना म्हनला. "माजं माज्यापाशी ऱ्हाऊ दे." त्यानं आपल्या ताटावर फडकं टाकलं आन् ताट भट्टीच्या उबंला सरकवून ठिवलं.

"आत्याबाईस्नी वळखू येईल का?"

"म्हातारीची जीभ हाय. तिला इचार."

अनसा गेली. भट्टीवरचा एक गडी म्हनला, "नाना, मळन्यावरनं तिला एवढं फाडलंत, आन् हे बंद केलेलं दिसलं न्हाई व्हय तुमास्नी?"

नाना म्हनला, "लाकडं सार आत. आन् भाकऱ्यांचं पीठ काढून ठेव."

घरी अनसानं ताट म्हातारीच्या मांडीवर ठिवलं. खाली जाड फडकं. म्हातारीनं वरनं हात फिरवला. गुळगुळीत. कडंच्या मुरडीवरनं बोट फिरवलं, सावकाश, एका टोकापास्नं दुसऱ्या टोकापर्यंत.

"लई देखनं झालंय," ती म्हनली.

"त्यांनी सांगितलं तसंच केलं नानानं."

म्हातारीनं चमचा खुपसला. वरचा पापुद्रा मोडला, कुरकुरला. खाली चमचा चिकटला. पांढरी, ओली, कच्ची कनीक. खळीवानी. तिच्या खाली पीच गपगार पडल्यालं. म्हातारीनं चमचा वर काढला तर कनकीची तार निघाली.

अनसाचं तोंड उतरलं. "ह्यो नाना! मुद्दाम केलं बगा त्यानं. मस्करी सुचती मेल्याला, आजारी मानसाची! थांबा, मी आत्ता जाऊन..."

"बस," म्हातारी म्हनली.

"न्हाई, त्याच्या मिशा..."

"बस म्हनलं ना. नाना खोडकर हाय, कामचुकार न्हाई. हे नानानं केलेलं न्हाई, तू केलंस. आन् गेनूनं सांगितलं बी न्हाई." म्हातारीनं चमचा ताटात ठिवला. "गेनू असा बंद करत न्हाई. त्यो फटी ठिवायचा. मी म्हनायची, रांडंच्या, पीठ पुरलं न्हाई का? त्यो म्हनायचा, आई, वाफंला वाट लागती."

अनसानं मान खाली घातली.

"त्यो बंद करत *नव्हता*," म्हातारी म्हनली. आन् थांबली. "बग, आलं तोंडातनं. लई दिस जिभंखाली धरून ठिवलं व्हतं."

अनसानं मान वर केली. कपाळाचं कुंकू घामानं उतरलं व्हतं.

"आत्याबाई, काय म्हनताय?"

"भट्टीवरनं वारं येतं माज्या बाजंवर. रोज पहाटं पावाचा वास येतो. गेल्या थंडीत एका सकाळी न्हाई आला. मला कळंना व्हय, भट्टी कवा थंड करत्यात ते? माजा सासरा त्याच भट्टीवर मेला. गेनू लाकडांना गेला व्हता. दुपारी तू भाकरी आनलीस. भाकरीत मीठ नव्हतं. आन् माज्या म्होरं बसून तू बिनमिठाची भाकरी खाल्लीस, न बोलता."

"मंग इचारलं का न्हाई मला?"

"तू कुंकू लावून आलीस. मला वाटलं, पोरीनं असं धरलंय तर धरू दे. मी बोलले आन् तिचा बांध फुटला तर तिला कोन सावरंल? माज्यात उटायची ताकद न्हाई. म्हनून रोज इचारायचे, जेवतो का. वाटायचं, कंटाळून एक दिस तरी सांगशील. आज ढेकळं मागितली, म्हनलं आता तरी बोलशील." म्हातारीचा आवाज चिरकला. "तर तू ती करायलाच निघालीस गं बाई!"

मंग काय झालं ते सांगत न्हाई. तुमी ते कुटंतरी ऐकलं असंल. पयला अनसाचा आवाज आलाच न्हाई, नुसतं तोंड उघडं. मंग आला. ताट बाजंवरनं खाली पडलं. शेजारच्या बाया दारात आल्या आन् तितंच थिजल्या. धाकटा लेक धावत आला, "कोनी सांगितलं? आईला कोनी सांगितलं?" म्हनून अनसावर हात उगारायला लागला.

म्हातारी बाजंवरनं वरडली, "तू गप! तू भावाला अग्नी दिलास. चांगलं केलंस. पन मला लेकाच्या नावानं डोक्यावरनं पानी बी घिऊ दिलं न्हाईस. आना पानी! आत्ता आना!"

बायांनी पानी आनलं. दोघींस्नी शेजारी बसवून डोक्यावरनं घातलं. सुतक कवाच फिटून गेलं व्हतं. तरी घातलं.

त्यो आवाज भट्टीवर गेला. नाना उटला. फडक्याखालचं ताट घेतलं, गड्याकडनं भाकरी-पिठलं घेतलं, आन् त्या घरी आला. दारात उगाच खोकला न्हाई, कुनाची टवाळी केली न्हाई. ताट उंबऱ्याच्या आत ठिवलं.

"आज चूल पेटवू नगा," त्यो म्हनला. "कडू घास आनलाय."

अनसाचे केस वले, डोळे सुजलेले. तिनं फडकं उचललं. भाकरीच्या शेजारी नानाचं ते ताट. तेच, शानाच्या गवऱ्या. गोळ्यांमदनं रस दिसत व्हता.

"नाना, तुमाला ठावं व्हतं. माजं बंद केलेलं तुमी बगितलं. बोलला का न्हाई?"

नाना पायरीवर बसला. म्हनला, "पोरी, करंजी तेलात सुटी पडती, तिला चहूकडनं चटका बसतो. तिला बंद करावंच लागतं. ह्या ताटात तसं न्हाई. हितं फळ खाली रडतं. त्याची वाफ वर येती. वाट घावली तर भायेर जाती, न्हाई घावली तर कनकीत शिरती. मंग वरनं सोनं, खालनं खळ. हे मी तुला सांगितलं असतं तर तू फटी ठिवल्या असत्यास. झकास ढेकळं घिऊन घरी आली असतीस, आन् म्हनली असतीस, त्यांनी धाडलीत. चांगलं शिजलं असतं, तर खोटं बी पचलं असतं."

अनसानं हातातलं फडकं घडी घालून बाजूला ठिवलं.

"आन् कडू घास गोड कसा वो, नाना?" एका बाईनं हळूच इचारलं.

"तोंडं कडूच हायती त्यांची. मी आनखी कशाला कडू आनू?"

म्हातारीनं ताट मांडीवर घेतलं. एक घास अनसाच्या तोंडात घातला, एक आपन खाल्ला. चावत ऱ्हायली, दात नव्हते तरी. मंग म्हनली, "नाना, साखर कमी हाय."

"ठावं हाय," नाना म्हनला. आन् तोंड फिरवून रस्त्याकडं बगत बसला.

आता तुमी म्हनाल, डाक्टरचं काय? डाक्टरचं खरं झालं. म्हातारीनं पावसाळा काढला आन् थंडी पडता पडता गेली. धाकटा लेक म्हनत ऱ्हायला, नानानं मारली माज्या आईला. असंल बी. मी नानाची बाजू घेत न्हाई, पाटलाचा दात अजून हालतोय. पन मरताना म्हातारी दाराकडं बगत नव्हती, लेक येईल म्हनून. ती अनसाकडं बगत व्हती. आन् म्हातारी भट्टीवरची नव्हती, तरी त्या दिशी भट्टी थंड करायला नाना उटायच्या आदीच अनसानं इस्तवावर पानी वतलं, आन् पार आळीला ऐकू जाईल अशी रडली.

अनसा आता गेनूच्या जागी भट्टीवर काम करती. कपाळ मोकळं. पीचच्या दिसांत ढेकळं तिच्याच हातची. नानापेक्षा वंगाळ दिसत्यात, नानापेक्षा चांगली लागत्यात. ओली लाकडं धुमसली की नानाच्या डोळ्यांतनं पानी येतं, मांजराच्या डोळ्यांतनं येतं, आन् आता तिच्या बी येतं.

तवा बाबांनो, तुमच्या घरातनं कोनी गेलं असंल, आन् तुमी कडा दाबून, मुरड घालून, वरनं दुदाचा हात फिरवून झकास बसला असाल, तर लोक वा वा म्हनतील. म्हनू द्या. चमचा घातल्यावर कळंल.